फेट्याविषयी दुरुस्ती

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

सत्यम,

संक्रांतीच्या पत्रात माझी एक चूक झाली होती, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की तू घर सोडलंस तो मंगळवार होता. तो बुधवार होता, १६ ऑक्टोबर. चिक्कीच्या दुकानात माझी सुट्टी बुधवारी असते आणि त्या दिवशी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते, म्हणजे बुधवारच. तू म्हणशील, "पेरूताई, चार महिन्यांनी वार बदलून काय मिळणार?" मिळणार काहीच नाही. पण आबांनी मला शाळेत घालण्याआधी घरीच अक्षरं शिकवली ती भजनाच्या वहीवर, आणि चुकलं की खोडायला बंदी होती. एक रेघ मारायची आणि वर बरोबर लिहायचं. ती सवय गेली नाही. दुकानात मी दिवसाला नऊशे पाकिटांवरच्या तारखा तपासते, आणि घरी आल्यावर स्वतःच्या.

उमेशने सांगितलं की तू वराळ्याला खोलीवर आहेस, कंपनीत पॅकिंगला जातोस आणि माझं पत्र तू दोनदा वाचलंस. तो त्याच्या शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ लय हट्टी. मोबाईलवर मेसेज टाकला तर बघतो न् गप बसतो. कागद दिला तर वाचतो. कागदाला निळी टिक येत न्हाई ना." म्हणून यापुढेही कागदच.

घरी सगळे बरे आहेत. हे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे तू गेल्यापासून आबा भजनाला गेलेले नाहीत. अंबाजी तात्या समोरून आले की ते गोठ्यात काहीतरी शोधायला जातात. आणि पाडव्याला भावकी देवळात बसणार आहे. मानाचा फेटा चार घरांत फिरतो तो यापुढे तीनच घरांत फिरवावा, असं तात्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं आहे. चौथं घर म्हणजे आपलं.

यंदा पाळी आबांची होती. ज्याच्या घरी फेटा, तो चैत्रातल्या जत्रेला पालखीपुढे चालतो आणि मग फेटा पुढच्या घराला देतो. आबांनी त्यासाठी चार वर्षं वाट पाहिली. तुला हे माहीत आहे, मीच आपलं लिहीत बसले.

तात्या म्हणतात, "ज्यानं देवाच्या ट्रंकेत हात घातला, त्याच्या घरी मान कसला?"

तू ट्रंकेत हात घातला नव्हतास. हे मला माहीत आहे. आहेराच्या कपड्यांचं गाठोडं मी तुला माळ्यावरून काढून दिलं, आणि फेटा त्या गाठोड्यात होता. त्यात तो आहे हे मला माहीत नव्हतं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

प्रेरणा


शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

सत्यम,

एक गोष्ट घडली, ती जशीच्या तशी सांगते.

काल दुपारी मी घरी लवकर आले. आबा माडीवर एकटे होते आणि आतून तुझा आवाज येत होता. मी जिन्यातच थांबले. ते माझा जुना फोन घेऊन तुझं गाणं ऐकत होते. नागफणीच्या कड्याच्या पायथ्याला केलेलं तेच, ज्यात तू फेट्याचं ते जाकीट घातलं आहेस. एक तुकडा ते परत परत लावत होते:

"तुझ्या फोटोत धुकं, त्या धुक्यात माझं गाव,
पॉइंटाला बोर्ड हाय, आमच्या वाडीला न्हाई नाव."

आबा मांडीवर बोटं मोजत होते. मी दिसल्यावर फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, "रेंज हाय का बगत हुतो." मग माझ्याकडे न पाहता: "दुसरी वळ लांबली त्याची. 'आमच्या' काढायला पायजे. पॉइंटाला बोर्ड हाय, वाडीला न्हाई नाव. बसती का न्हाई बग."

मी म्हणाले, बसते.

"मग सांगत का न्हाई कुणी त्याला?"

तर आता मी सांगते आहे. शब्द त्यांचेच आहेत, मी एकही घातलेला नाही.

आई आत येऊन म्हणाली, "कशाला पायजे ते? एवढी ढगळ पँट, त्यात दोघं मावतील." आबा म्हणाले, "पँट आपल्याला ऐकायची हाय का?" चार महिन्यांत तुझ्याबद्दल घरात झालेलं हे पहिलं बोलणं.

मला तुझं सगळं कळत होतं असं मी म्हणणार नाही. तू नवे टीशर्ट विकायला काढण्याला 'ड्रॉप' म्हणायचास तेव्हा मला वाटायचं काहीतरी पडलं. पण आहेराच्या टॉवेलच्या तू गोल टोप्या शिवल्यास तेव्हा मी खूप हसले होते. प्रत्येक लग्नात मिळणारे ते टॉवेल कुणी अंग पुसायला वापरत नाही. पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतात, आणि दहा वर्षांनी तोच टॉवेल घडी न मोडता घरी परत येतो. तू पहिल्यांदा तो कापलास. सरूबाई काकूंनी ओळखला होता त्यांचा टॉवेल, आठवतं? "हा मी सुहासच्या लग्नात दिला हुता की रं!" आणि तू त्यांच्याच डोक्यावर टोपी घातलीस, आणि त्या दिवसभर काढायला तयार नव्हत्या.

प्रेरणा


बुधवार, ५ मार्च २०२५

सत्यम,

उमेशकडून तुझी चिठ्ठी मिळाली. बिलाच्या मागे लिहिलेली चार वाक्यं, पण तुझं अक्षर पाहून मी दुकानाच्या मागे जाऊन बसले. एक वाक्य मी आबांना वाचून दाखवलं: "आबांना सांग, 'आमच्या' काढणार न्हाई, मुद्दाच तो हाय."

आबांनी तंबाखू मळायचं थांबवलं. मग म्हणाले, "मग 'बोर्ड हाय' जलद म्हण म्हणावं. जागा तितं हाय." आणि मांडीवर वाजवून दाखवलं. मला तसं वाजवता येत नाही, म्हणून आवाज भरून पाठवत आहे. उमेशच्या फोनवर टाकला आहे. त्यात शेवटी कोंबडा ओरडतो तो काढता आला नाही.

तुझी बाकीची तीन वाक्यं मी कुणाला दाखवली नाहीत. तू लिहिलंस, "ताई, गाठोड्याचं कुणाला बोलू नको. अमृतच्या घरचं पक्कं होऊ दे. माझं काय, मी हितं बरा हाय."

मला वाटतच होतं की तू यासाठी गप्प राहिलास. त्या बुधवारी तात्या फोन घेऊन अंगणात आले. गाण्यात तू पाठमोरा वळतोस तिथे त्यांनी चित्र थांबवलं आणि बोटांनी मोठं केलं. डाळिंबी कापड, काठाला, फेटा देवाला वाहण्याआधी, आजीने निळ्या दोऱ्याने घातलेली शिवण. आबांनी विचारलं, "ट्रंकेतनं कुणी काढला?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी सुपाकडे पाहिलं. पुढच्या रविवारी लोहगडवाडीहून अमृतचे लोक मला पाहायला येणार होते. तू म्हणालास, "मी."

आबांनी एवढंच म्हटलं, "मग ह्या घरात तुझं काम न्हाई." आणि तू बॅग घेऊन गेलास.

आता दुरुस्ती. बारा फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं की फेटा गाठोड्यात आहे हे मला माहीत नव्हतं. ते खोटं आहे. श्रावणात ट्रंकेला आतून ओल आली होती. देवाच्या कपड्यांवर बुरशी धरायला लागली, म्हणून फेटा मीच बाहेर काढला, जुन्या धोतरात गुंडाळला आणि माळ्यावर कोरड्या जागी आहेराच्या गाठोड्यात ठेवला. ऊन पडलं की परत ठेवू, असं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कारण पाळीच्या घरातल्या बायकांनी फेट्याला हात लावायचा नसतो. आणि मग ठेवायचा राहिला.

तुला गाठोडं दिलं तेव्हा मात्र माझ्या लक्षात नव्हतं. एवढं खरं आहे.

प्रेरणा


बुधवार, १९ मार्च २०२५

सत्यम,

"एवढं खरं आहे" असं मी लिहिलं होतं. दोन आठवडे ते वाक्य मला झोपू देत नाही.

तो दिवस परत सांगते. तू माळ्याखाली उभा होतास. कानात ती वायर, पायात लोणावळ्याच्या बाजारातले ते पांढरे बूट. तू म्हणालास, "पेरू, खाली टाक ना सगळं. तू प्रत्येक गोष्टीला आईला विचारून येते म्हणतेस." गाठोडं मी सोडून पाहिलं. वर टॉवेल, खण, दोन नवे फेटे, आणि खाली जुनं धोतर. धोतराची गाठ माझीच होती. मी ती ओळखली. माझ्या मनात आलं, यात तो आहे. आणि त्याच क्षणी मनात आलं, नसेल, तो मी परत ठेवला असेल. गाठ सोडली असती तर कळलं असतं. पण मग मला आईकडे जावं लागलं असतं, फेट्याला हात लावल्याचं सांगावं लागलं असतं, आणि तू पुन्हा हसला असतास. आयुष्यात एकदा तरी न विचारता कुणाला काहीतरी द्यावं असं मला वाटलं. मी गाठोडं तसंच खाली टाकलं.

म्हणजे मला अर्धं माहीत होतं. आणि तुला काहीच नव्हतं. तुझ्या दृष्टीने ते आहेरातलं एक जुनं, चांगल्या रंगाचं कापड होतं. घरात कुणी तो फेटा जवळून पाहायलाच देत नाही, तर तू ओळखणार कसा?

हे वाचून तुला राग आला तर तो बरोबर आहे. मी तो कमी करायला काही लिहिणार नाही.

आज सुट्टी होती म्हणून मी उमेशच्या दुकानात गेले. तुला न विचारता गेले, हेही सांगते. मला फक्त जाणून घ्यायचं होतं की फेट्याचे किती तुकडे झाले. म्हणजे पाडव्याला बोलायची वेळ आली तर आकडा बरोबर सांगता यावा.

उमेश म्हणाला, "तुकडे? कसले तुकडे?"

मी म्हणाले, जाकीट शिवताना कापला ना.

"तुमाला कुणी सांगितलं कापला? मी कात्री घेतली हुती हातात. सत्यम म्हणला, थांब. लय जुनं कापड हाय, कुणीतरी जपलेलं दिसतंय, कापायला हात होईना. मग आमी काय केलं, अख्खा नऊ मीटर घड्या घालून पाठीत न् बाह्यात बसवला. गोधडीला घालतात तसे धावदोरे. हातानं, मशीन न्हाई. पाच दिवस लागले. म्हणून तर जाकीट एवढं जड झालंय, गाण्यात घाम बगा त्याचा!"

मी त्याला म्हणाले, मग त्या दिवशी सांगितलं का नाही यानं?

"त्याला कुणी इचारलं का? 'कुणी काढला' एवढंच इचारलं म्हणं."

मग त्याने ते जाकीट मागच्या कपाटातून काढलं. पुण्याच्या एका मुलाने ते बघितलं होतं, मागितलं होतं, आणि तू दिलं नाहीस, हे मला त्याच्याकडून कळलं. मी ते हातात घेतलं. खरंच जड आहे. मी बोटांनी सगळ्या घड्या चाचपल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापड अखंड आहे.

फक्त पाठीवर पांढऱ्या रंगात तू 'मावळ' लिहिलं आहेस. तो कापडासाठीचा पक्का रंग आहे आणि निघणार नाही, असं उमेश म्हणाला. मी हे लपवणार नाही. फेटा उसवला तर तो पूर्ण निघेल, पण त्यावर 'मावळ' असेल, आणि सुईची भोकं असतील. तात्या काय म्हणतील मला माहीत नाही.

जाकीट मी घरी आणलं आहे. तुझं आहे, तू मागितलंस तर परत देईन. उसवायचं की नाही हे मी ठरवणार नाही.

प्रेरणा


बुधवार, २६ मार्च २०२५

सत्यम,

तुझा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते, म्हणून फक्त "हो, हो" म्हणाले. मालकीणबाईंना वाटलं कुणी चिक्कीची ऑर्डर देतंय. तू ओरडलास ते बरं वाटलं. पाच महिन्यांनी आवाज ऐकला, तर तो ओरडण्याचा का असेना. "तू वेडी हायेस का, लग्न मोडंल तुझं," असं तू म्हणालास. त्याचं उत्तर फोनवर देता आलं नाही, ते इथे देते.

अमृतला मी सांगितलं. रविवारी तो दुकानात आला होता. त्यांच्या हॉटेलात ट्रेकर लोकांना झुणका-भाकरीनंतर चिक्की लागते, म्हणून तो खोके न्यायला येतो. मी सगळं सांगितलं, अर्धं माहीत होतं तेही. तो बराच वेळ खोक्याला सुतळी बांधत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही पोह्यात मीठ विसरला होतात, तेही आत्ताच कबूल करून टाका." मी म्हणाले, ते आईने केले होते. तो म्हणाला, "मग ठीक आहे." त्याच्या आईला अजून माहीत नाही. ती काय म्हणेल ते तो सांगू शकत नाही, आणि मीही. तात्यांच्या सोयरिकीतलं स्थळ आहे, त्यामुळे मोडूही शकतं. मी हे समजून आहे.

काल आबांना सांगितलं. आई शेजारी होती. ओळीने सांगितलं: बुरशी, धोतर, गाठ, माळा, आणि तू "मी" म्हणालास ते. आई रडायला लागली. आबा रडले नाहीत, ओरडलेही नाहीत. मी जाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी काठावरचा आजीचा निळा दोरा शोधला आणि त्यावर अंगठा फिरवत बसले.

"कापला न्हाई त्यानं?"

"नाही."

"सांगितलं का न्हाई मला?"

"तुम्ही विचारलं नाही, आबा."

मला वाटलं आता मार बसेल. ते म्हणाले, "व्हय. म्या एकच इचारलं. दुसरं इचारायला पायजे हुतं." मग पाठीवरच्या अक्षरांकडे पाहत राहिले. "हे त्यानं काढलंय? अक्षर बरं हाय." आई म्हणाली, "आता भावकीला काय सांगायचं?" तर म्हणाले, "मी बोलंन."

मी म्हणाले, "नाही, मी बोलणार."

"पोरी बोलत न्हाईत तितं. बायका पारावर बसत्यात, बाप्ये देवळात."

"मी पारावरून उठून आत येईन."

"अंबाजी बोलू देईल का तुला?"

"तात्या बोलत असतील तोवर उभी राहीन. ते कधीतरी श्वास घेतीलच."

आबांना हसू आलं. तोंड फिरवून हसले, पण मी पाहिलं. मग म्हणाले, "फेटा उसवू नगा. जसा हाय तसा न्यायचा. बगू दे त्यास्नी पोरानं काय केलंय ते. नऊ मीटर हातानं टाके घालणं सोपं न्हाई." आणि शेवटी: "मान दिला तर दिला, न्हाई तर न्हाई. पण पोरगं चोर न्हाई, एवढं कानावर पडू दे सगळ्यांच्या."

तुला त्यांनी निरोप दिला आहे. मी दोनदा विचारून घेतला म्हणजे चूक होणार नाही: "त्याला म्हणावं, त्याला यायचं आसंल तर यावं. न्हाई आला तरी दार उघडं हाय. आन् ते गाणं भजनी मंडळाला ऐकवायचं का, इचार." शेवटचं वाक्य गंमत म्हणून होतं की खरं, ते मला समजलं नाही. तूच ठरव.

मला भीती वाटते. तात्या काय बोलतील, काकू पारावरून काय बोलतील, अमृतची आई, आपलं घर तीन घरांच्या बाहेर पडेल का, सगळ्याची भीती वाटते. पण मी काय बोलायचं ते ठरवलं आहे. तीनच वाक्यं आहेत. फेटा ट्रंकेतून मी काढला. गाठोड्यात तो असेल हे मला अर्धं माहीत होतं आणि तरी मी दिलं. सत्यमने न केलेल्या गोष्टीचा आळ माझ्यासाठी अंगावर घेतला. एवढं झालं की मी जाकीट देवापुढे ठेवीन आणि मग ज्याला जे बोलायचं ते बोलू दे.

दुकानात सुट्टी मागितली. मालकीणबाई म्हणाल्या, "पाडवा, त्यात रविवार! अख्खं पुणं लोणावळ्यात असतं त्या दिवशी, आणि तुला सुट्टी?" मी म्हणाले, तीन वर्षांत एकही रविवार मागितला नाही. त्या म्हणाल्या, "दुपारी दोनला ये." मी हो म्हणाले. दोनपर्यंत होईल, असं वाटतं.

तू आलास तर ढगळ पँट घालूनच ये. कुणासाठी बदलू नकोस. नाही आलास तरी मी थांबणार नाही. आबांना, आईला आणि अमृतला मी दिवस सांगून ठेवला आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही, आणि आता तुलाही लिहून देते: रविवार, ३० मार्च २०२५, सकाळी दहा वाजता, गुरव पंचांग वाचून खाली ठेवतील तेव्हा.